साट्याच्या घरात चीजचे पफ

पहाटे साडेपाचला स्वयंपाकघरातल्या थर्मामीटरवर १६ आकडा दिसला आणि मी लगेच फ्रिजमधून मैद्याचा गोळा बाहेर काढला. जानेवारीतल्या या दोन आठवड्यांची मी वर्षभर वाट बघते. सांगलीची थंडी तशी फार नाही, पण आमचं घर गावभागात. पहाटे नदीकडून गारठा येतो, ओट्याचा काळा कडप्पा हाताला बोचतो, आणि तेवढ्या दोन-अडीच तासांत बटरचा खराखुरा पफ लाटता येतो. साडेसात वाजता पूर्वेच्या खिडकीतून ऊन ओट्यावर येतं. त्यानंतर लाटणं उचलायचं नाही, हे मी आता पक्कं ठरवलंय. तसंही नऊला मला मिरजेत लॅबमध्ये पोहोचायचं असतं.

हे पफ म्हणजे बेकरीतल्या पॅटिसचेच भाऊबंद. फक्त आत बटाट्याची भाजी नाही, पनीर आणि चीज. दोन घासांत संपतील एवढे छोटे त्रिकोण. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्याकडे भडंग, नाहीतर मटारच्या करंज्या असत. यंदा मी ठरवलं की पफच करायचे, विकतची शीट न आणता, मैदा मळण्यापासून सगळं घरी.

ठरवण्यामागे एक जुनी हळहळ होती. मागच्या मे महिन्यात पुतण्याच्या वाढदिवसाला मी हे पहिल्यांदा करून पाहिलं. स्वयंपाकघरात ३३ अंश. मैद्याच्या चौकोनात बटर ठेवून घडी घातली, लाटायला घेतलं, आणि दुसऱ्या घडीलाच बटर कडेनं बाहेर येऊ लागलं. मी वरून मैदा भुरभुरत राहिले, फ्रिजमध्ये ठेवून पुन्हा लाटत राहिले. भाजताना ओव्हनच्या काचेतून बघते तर ट्रेमध्ये पिवळं बटर साचलेलं आणि त्रिकोण त्यात तळले जाताहेत. चीज फुटून बाहेर आलं होतं, करपलं होतं. मुलांनी खाल्ले, मुलं खातातच. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही. पंधरा वर्षं पॅथॉलॉजीत काम केल्यावर एक सवय लागते. रिपोर्ट चुकला तर तो कुठं चुकला ते शोधून काढल्याशिवाय पुढचं सॅम्पल हातात घेववत नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी आमच्या कोपऱ्यावरच्या बेकरीत गेले. तिथली खारी मी लग्न होऊन आल्यापासून खातेय. खारी म्हणजे तरी काय, आत काहीच न भरलेला पफ. भट्टीवरच्या दादांना मी सरळ विचारलं की मे महिन्यात तुमचे पदर कसे सुटतात.

ते म्हणाले, "ताई, आमचं मार्गारिन असतंय. भट्टीशेजारी ठेवलं तरी उभं राहतंय. बटरचा पफ उन्हाळ्यात आमीबी करणार नाही."

एवढ्या एका वाक्यात माझा निम्मा रिपोर्ट मिळाला. मार्गारिन म्हणजे वनस्पती तेलापासून केलेला बटरसारखा पदार्थ, आणि पफसाठीचं मार्गारिन मुद्दाम जास्त तापमानाला वितळेल असं बनवलेलं असतं. बटर साधारण ३२ ते ३५ अंशांच्या दरम्यान पूर्ण वितळतं, आणि त्याच्या कितीतरी आधी, विशीतच, लोळागोळा व्हायला लागतं. म्हणजे माझं स्वयंपाकघरच बटरच्या वितळण्याच्या बिंदूवर उभं होतं. पण त्यातच बटरची खरी चवही आहे. तोंडातलं तापमान ३७ अंशांच्या आसपास, त्यामुळे बटर जिभेवर विरघळून जातं. बेकरीची खारी खाल्ल्यावर टाळूला जो मेणचट थर राहतो, तो त्या न वितळलेल्या मार्गारिनचा. खारीवर माझं प्रेम आहे, चहात बुडवायला तिच्यासारखं काही नाही. पण चीज भरायचं तर सोबत बटरच हवं, यावर मी ठाम आहे. दोन्ही दुधाचीच लेकरं.

मग जून ते नोव्हेंबर मी फक्त वाचत आणि विचारत राहिले. या काळात सगळ्यात उपयोगी पडल्या त्या आमच्या सासूबाई.

आई चिरोटे करतात. दिवाळीला परातीत तूप घेऊन त्या तळहातानं फेसत बसतात. पांढरंशुभ्र, हलकं होईपर्यंत. त्यात तांदळाची पिठी घालतात, आणि वाटीतल्या पाण्यात थेंब टाकून बघतात. तरंगला की साटा झाला. साट्याच्या करंज्याही त्यांच्याच हातच्या खाव्यात. मी त्यांना पफची आकृती कागदावर काढून दाखवली: खाली मैदा, मध्ये बटर, वर मैदा, मग घड्या. त्यांनी चष्मा लावून ती नीट पाहिली आणि म्हणाल्या, "नुसतं लोणी कसं ठरेल गं? साट्यात पिठी असते म्हणून तो जागेवर राहतो. तुझं घसरणारच."

डिसेंबरच्या पहिल्या गार पहाटे मी त्यांचं ऐकून बटरमध्ये तांदळाची पिठी मिसळली. वडी छान घट्ट झाली. पण लाटताना ती वाकेना, तिचे आतल्या आत तुकडे पडले, आणि तिसऱ्या घडीला त्या तुकड्यांच्या धारेनं मैदा फाटला. भाजल्यावर काही ठिकाणी पदर सुटले, काही ठिकाणी नुसती जाड चपाती. आईंनी तो फाटका भाग नखानं उकलून पाहिला. त्यांना वाईट वाटलं असणार, कारण संध्याकाळपर्यंत त्या काही बोलल्या नाहीत. दिवा लावून झाल्यावर स्वयंपाकघरात आल्या आणि म्हणाल्या, "पिठी नको, मैदाच घाल. तुझी पोळी मैद्याची आहे ना? मग आतलंही तिच्या जातीचं पाहिजे. आणि दोन्ही सारखंच मऊ पाहिजे. चिरोट्याचंही तेच असतं."

हे दुसरं बरोबर निघालं. बटरमध्ये थोडा मैदा मिसळला की तो बटरमधलं पाणी थोडं शोषून घेतो आणि वडी घट्ट राहूनही वाकते. फ्रेंच आचारी पफ उलटा करतात, म्हणजे बटर बाहेर आणि कणीक आत, तेव्हा तेही बटरमध्ये मैदा मळूनच घेतात. हे मला नंतर कळलं. कळल्यावर आईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग त्यांच्याकडेही कुणीतरी साटा करत असणार."

चिरोटा आणि पफ यांत एक मोठा फरक मात्र आहे, तो समजेपर्यंत माझं भाजणं जमत नव्हतं. साट्यात पाणी नसतं. चिरोट्याचे पदर तळणीत सुटतात. तूप आणि पिठीचा थर दोन पाऱ्यांना चिकटू देत नाही आणि गरम तुपात ते फुलून वेगळे होतात. पफचे पदर वाफेनं उचलतात. बटरमध्ये साधारण १६ टक्के पाणी असतं, मैद्यात आपण मळताना घातलेलं असतं. ओव्हनमध्ये त्याची वाफ होते, आणि पाण्याची वाफ झाली की ती सोळाशे पटींहून जास्त जागा मागते. बटर वितळून मैद्याच्या पापुद्र्यांमध्ये अडसर धरतं, वाफ प्रत्येक पापुद्रा वर ढकलते. म्हणून ओव्हन आधीपासून कडक तापलेला हवा. कोमट ओव्हनमध्ये वाफ धरायच्या आत बटर वाहून जातं. मे महिन्यातल्या त्या ट्रेमध्ये दोन्ही चुका झाल्या होत्या.

आमचा आधीचा ओव्हन ऑगस्ट २०१९ च्या पुरात गेला. तळमजल्यावर स्वयंपाकघर होतं तेव्हा. पाणी ओसरल्यावर चिखलातून कडप्प्याचा ओटा तेवढा जसाच्या तसा निघाला, बाकी सगळं टाकलं. नंतर आम्ही स्वयंपाकघर वरच्या मजल्यावर नेलं आणि ह्यांनी तीच कडप्प्याची लादी कारागिराकडून सोडवून वर बसवून घेतली. त्या लादीवरच मी आता पफ लाटते. नवा ओव्हन २८ लिटरचा, साधा ओटीजी, म्हणजे ओट्यावर ठेवायचा विजेचा छोटा ओव्हन. त्याच्या जाळीला मी ओव्हनचा थर्मामीटर टांगला तेव्हा दिसलं की बटण २०० वर असताना आत १७५ च आहे. तेव्हापासून मी बटण २२५ वर ठेवते आणि थर्मामीटरवर २०० दिसेपर्यंत थांबते. पंचवीस मिनिटं लागतात. घरोघरचे ओटीजी असेच थोडे इकडेतिकडे असतात, त्यामुळे कुणाच्या पाककृतीतला आकडा जमला नाही तर आधी आपला ओव्हन मोजावा, मग स्वतःला दोष द्यावा.

आता प्रत्यक्ष कृती. हे माप २४ पफांचं आहे.

मैदा सगळा मिळून ३०० ग्रॅम. त्यातला २७० ग्रॅम मळायला, ३० ग्रॅम बटरमध्ये. मळायच्या मैद्यात ३० ग्रॅम मऊ बटर बोटांनी चोळून घ्यायचं, अगदी चिमूटभर मीठ (आपल्याकडचं टेबल बटर खारटच असतं, चीजही खारट), एक चमचा लिंबाचा रस आणि फ्रिजमधलं गार पाणी १४० मिलीच्या आसपास. मैद्यानुसार चमचाभर इकडेतिकडे. हा गोळा मी आदल्या रात्री मळते आणि फार मळत नाही. चपातीच्या कणकेसारखा तो मऊसूत करायला गेलं की पहाटे लाटताना रबरासारखा मागे येतो. सगळं एकत्र झालं, पृष्ठभाग थोडा खडबडीत असला तरी चालेल. ओल्या फडक्यात, मग डब्यात, मग फ्रिजमध्ये.

बटरची वडी. २०० ग्रॅम बटर आणि तो ३० ग्रॅम मैदा परातीत हातानं पटपट एकजीव करायचा. दुधाच्या पिशव्या मी कापून, धुऊन, वाळवून ठेवते. दोन पिशव्यांच्या मध्ये हा गोळा ठेवून लाटण्यानं थापून १५ सेंटीमीटरचा चौकोन करायचा, बोटभर जाडीचा. पट्टीनं मोजते मी. हीसुद्धा रात्री फ्रिजमध्ये. घरचं लोणी वापरून बघू नका. ताकातून काढलेल्या लोण्यात पाणी खूप राहतं आणि ते कमी-जास्त असतं. त्याचं तूपच करावं, ते साट्याला न्यावं.

पहाटे वडी बाहेर काढली की ती दगडासारखी असते. तशीच घडीत घातली तर पिठीच्या वडीसारखीच फुटेल. मी सुईचा थर्मामीटर तिच्यात खुपसून १४ अंश होईपर्यंत थांबते. थर्मामीटर नसेल तर वडीचा कोपरा उचलून वाकवायचा. न तडकता वाकला आणि बोटाला चिकटला नाही, की तीच वेळ. मग मैद्याचा गोळा बोटानं दाबून बघायचा. आईंचं वाक्य इथं लागू होतं: दोन्ही सारखंच मऊ. मैदा मऊ आणि बटर कडक असलं तर फाटतं, उलट असलं तर बटर बाहेर येतं. हे एवढं जमलं की पुढचं सगळं हातसवयीचं.

गोळा लाटून २२ सेंटीमीटरचा चौकोन. त्यावर वडी तिरकी ठेवायची, चौकोनात शंकरपाळा ठेवल्यासारखी, आणि चारी कोपरे मध्यावर आणून पाकीट बंद करायचं. शिवण चिमटीनं नीट दाबायची. आता लाटणं एकदम फिरवायचं नाही. आधी लाटण्यानं ठिकठिकाणी हलकं दाबत जायचं, म्हणजे आतलं बटर सगळीकडे सारखं सरकतं, मग लांबीच्या दिशेनं लाटायचं. साधारण ४५ सेंटीमीटर लांब पट्टी झाली की ब्रशनं वरचा सुटा मैदा झटकून टाकायचा आणि शालीची घालतो तशी तीनपदरी घडी. ही पहिली. गोळा पाव वळसा फिरवायचा, पुस्तकाची शिवण डाव्या हाताला येते तशी घडी डावीकडे, आणि पुन्हा तेच. दोन घड्यांनंतर फ्रिजमध्ये अर्धा तास. तिसरी, चौथी. पुन्हा फ्रिज. पाचवी मी दुसऱ्या दिवशी पहाटे घालते.

किती घड्या झाल्या हे विसरायला होतं. फ्रान्समधले आचारी गोळ्यावर बोटाचे तेवढे ठसे उमटवून ठेवतात. मी लॅबसारखी चिकटपट्टी लावते, "घडी २, ५.५५" अशी. पाच घड्यांत बटरचे पदर होतात २४३. तीन, नऊ, सत्तावीस, एक्याऐंशी, दोनशे त्रेचाळीस. फ्रान्समध्ये सहा घड्यांची रीत आहे, म्हणजे ७२९. मी सहावी घालून पाहिली. भरण्याच्या पफला तो फरक मला जाणवला नाही, शिवाय साडेसातचं ऊन येतं.

ओटा गार नसेल तर एक करता येतं. मोठ्या परातीत बर्फ घेऊन ती ओट्यावर दहा मिनिटं ठेवायची, उचलायची, जागा कोरडी पुसायची आणि लगेच लाटायचं. डिसेंबरच्या शेवटी दोन दिवस ढगाळ हवा आली होती, तेव्हा मी असंच केलं. कडप्पा गारवा धरून ठेवतो. आजकालचे गुळगुळीत ग्रॅनाइटचे ओटेही चालतील. पोळपाट मात्र नको. एक तर तो लहान, दुसरं म्हणजे लाकूड गार होत नाही.

सारणाची गोष्ट माझ्या लॅबशी येऊन मिळते.

मे महिन्यात मी नुसतं मोझरेला भरलं होतं, पिझ्झावर बघून. ते ताणतं छान, पण तापल्यावर पाणी आणि तेल सोडतं आणि फट मिळेल तिथून बाहेर येतं. पनीरचं उलटं. ते लिंबानं किंवा सायट्रिक आम्लानं नासवलेलं असतं, म्हणून कितीही तापलं तरी वितळत नाही, बसल्या जागी बसून राहतं. नुसतं पनीर भरलं तर पफ कोरडा लागतो. यांच्या मधलं म्हणजे प्रोसेस्ड चीज, आपलं क्यूबचं. त्यात सायट्रेट किंवा फॉस्फेटचे क्षार घातलेले असतात. हे वाचलं आणि मला एकदम आमची निळ्या टोपणाची ट्यूब आठवली. रक्त गोठायला किती वेळ लागतो ही तपासणी करायची असते तेव्हा आम्ही त्या ट्यूबमध्ये रक्त घेतो. तिच्यात ३.२ टक्के सोडियम सायट्रेट असतं. ते रक्तातलं कॅल्शियम धरून ठेवतं, म्हणून रक्त गोठत नाही. चीजमध्येही सायट्रेट तेच काम करतं: दुधातल्या प्रथिनांना घट्ट बांधणारं कॅल्शियम सोडवून घेतं, प्रथिनं मोकळी होतात आणि तुपाला स्वतःत सामावून ठेवतात. म्हणून क्यूबचं चीज वितळलं तरी फाटत नाही. रोज सकाळी हातात घेते ती ट्यूब, आणि पंधरा वर्षांत तिचा स्वयंपाकघराशी संबंध असेल असं वाटलं नव्हतं.

तर माझं सारण असं: १५० ग्रॅम पनीर, ८० ग्रॅम किसलेलं प्रोसेस्ड चीज. पनीर मी घरी करते. इथं म्हशीच्या दुधाला तोटा नाही, आमच्या जिल्ह्यात भिलवडीला तर चितळ्यांची डेअरी १९३९ पासूनची. लिटरभर म्हशीच्या दुधाचं साधारण दोनशे ग्रॅम पनीर निघतं. फडक्यात बांधून वर वरवंटा ठेवून दोन तास दाबायचं, निथळून कोरडं झालं पाहिजे. मग हातानं कुस्करायचं, मिक्सरला लावायचं नाही.

त्यात दोन हिरव्या मिरच्या बारीक चिरून, जाडसर कुटलेली मिरी अर्धा चमचा, आणि जानेवारीत मंडईत पातीची लसूण येते ती चार-पाच काड्या. कोथिंबीर धुऊन फडक्यावर पूर्ण वाळवून मगच चिरायची. आणि एक चमचा किसलेली ओली हळद. ही माझी भर आहे आणि मला तिचा अभिमान आहे. सांगली म्हणजे हळदीचं गाव. २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा मार्केट यार्डात काम करणारे आमचे मामा पेढे घेऊन आले होते. पण घरात आपण वापरतो ती वाळवलेली, दळलेली. ओल्या हळदीचं लोणचं सोडलं तर ताजं कंद फार कुणी स्वयंपाकात घालत नाही. चीजच्या खारट स्निग्धपणात तिचा तो थोडा तुरट, मातीचा वास असा काही बसतो की एकदा घातल्यावर मी ती वगळू शकले नाही. शिवाय सारणाला केशरी-पिवळा रंग येतो. बोटं दोन दिवस पिवळी राहतात, तेवढं चालवून घ्यायचं.

शेवटी एक चमचा पंढरपुरी डाळ्याचं पीठ. भाजलेलं असल्यामुळे कच्चं लागत नाही आणि सारणातलं सुटणारं पाणी तेच पिऊन टाकतं. मीठ अजिबात नाही. सारण झालं की फ्रिजमध्ये. गरम तर सोडाच, साध्या कोमट सारणानंही खालचे पदर बसतात.

गोळा तीन मिलिमीटर जाडीचा लाटायचा आणि ८ सेंटीमीटरचे चौकोन कापायचे. इथं मी बरेच दिवस एक चूक करत होते. करंजीचं कातण वापरत होते, कडेला छान नक्षी येते म्हणून. कातणाचं चाक बोथट असतं. ते कापताना पदर एकमेकांत दाबून टाकतं आणि कड शिवल्यासारखी बंद होते. मग वाफेनं मधला भाग फुगतो आणि कड तशीच जमिनीला. आता मी धारदार लांब सुरी घेते आणि ओढत नाही, सरळ खाली दाबते. कडेच्या वाया जाणाऱ्या पट्ट्या गोळा करून मळायच्या नाहीत, एकावर एक रचून लाटायच्या, वर तीळ-जिरं लावून भाजायच्या. माझ्या मुलीला पफपेक्षा त्याच आवडतात.

चौकोनाच्या मधोमध एक लहान चमचा सारण, जास्त नाही. आपल्याला करंजी ठासून भरायची सवय असते, ती इथं सोडावी. दोन कडांना पाण्याचं बोट फिरवायचं, त्रिकोणी घडी घालायची आणि कडेपासून थोडं आत काट्यानं दाबायचं. मुरड घालायचा मोह आईंना झाला. त्यांनी चार पफांना त्यांची ती सुरेख बारीक मुरड घातली, आणि ते चारही दिसायला सर्वांत देखणे झाले, पण मुरडीचे पदर सुटले नाहीत. त्यांनी स्वतःच खाऊन पाहिलं आणि पुढच्या वेळी काटा मागून घेतला.

वर सुरीच्या टोकानं एक छोटी चीर, सारणाची वाफ निघायला. मग सगळे ताटात पसरून थेट फ्रीजरमध्ये. घट्ट झाले की पिशवीत भरून ठेवायचे. हळदीकुंकवाच्या आधीच्या आठवड्यात मी दोन खेपा करून ४८ पफ असेच ठेवले. भाजताना फ्रीजरमधून काढून सरळ ओव्हनमध्ये, वितळू द्यायचे नाहीत. वरून दूध आणि जराशी साय एकत्र करून ब्रशनं लावायची. अंडं लावलं तर रंग जास्त चकचकीत येतो, पण हळदीकुंकवाला ते चालणार नव्हतं, आणि दुधातल्या साखरेनं आणि प्रथिनांनी येणारा बदामी रंग मला तरी पुरेसा आहे. दूध कापलेल्या कडेवर ओघळू देऊ नये, तिथं ते वाळून पदर चिकटवतं. वर पांढरे तीळ. संक्रांत होती, तीळ हवेतच. २०० अंशांना २५ ते २८ मिनिटं, आणि पहिली वीस मिनिटं ओव्हनचं दार उघडायचं नाही.

आदल्या रात्री मी एकच पफ भाजून पाहिला आणि तो आईंना दिला.

हळदीकुंकू शनिवारी चार वाजल्यापासून होतं. वाण म्हणून छोट्या पुरचुंडीत हळकुंडं दिली, तिळगूळ, ऊस, बोरं होतीच. बारा-बाराचे तीन ट्रे मी वेळ लावून भाजले, म्हणजे कुणालाही गार पफ मिळू नये. बायका पायऱ्या चढून वर येत होत्या आणि जिन्यातच विचारत होत्या की आज काय भाजताय. आमच्या बोळातल्या एक आजी आहेत, ऐंशीच्या पुढच्या. चिरोट्यांत त्यांचा शब्द अखेरचा मानतात. त्यांनी पफ हातात घेतला, खायच्या आधी उलटा केला, तळ पाहिला, बोटानं टिचकी मारली. कोरडा कुरकुरीत आवाज आला. मग कड उजेडात धरून पदर पाहिले. मला त्या वेळी परीक्षेच्या निकालाआधी वाटतं तसं वाटत होतं. त्यांनी अर्धा खाल्ला, आतला पिवळा रंग पाहिला आणि आईंना म्हणाल्या, "साटा कशाचा गं?"

"लोण्याचा," आई म्हणाल्या. "आणि मैदा. सुनेचा आहे."

आजींनी दुसरा मागितला.

त्यानंतर चार जणींनी मला कृती विचारली, म्हणून हे सगळं लिहायला बसले. एकीनं विचारलं की विकतची पफ शीट चालेल का. चालेल. आता विश्रामबागेकडच्या मोठ्या दुकानांत फ्रोझन मिळते, आणि एप्रिल-मेमध्ये करायचं असेल तर मीही तीच आणेन. पाकिटावर बटर लिहिलंय की मार्गारिन, तेवढं वाचून घ्या. सारण आणि भाजण्याचं गणित तेच राहतं.

आज सकाळी साडेपाचला थर्मामीटरवर २१ होते. थंडी निघाली. मी गोळा मळला नाही. फ्रीजरमध्ये अकरा पफ आहेत, पिशवीवर तारीख लिहून ठेवलीय, आणि आईंनी त्यातले चार त्यांच्या बहिणीसाठी आत्ताच सांगून ठेवलेत.